मैत्रिणींसाठीचा दर आणि केकमागची मजुरी

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या घरी वाढदिवसाचे, बारशाचे आणि डोहाळजेवणाचे केक करून देतात. महिन्याला साधारण 18 केक होतात. एक किलोच्या सजावटीच्या चॉकलेट ट्रफलला त्या 800 रुपये घेतात, परंतु भिशीतल्या मैत्रिणी, इमारतीतल्या शेजारणी आणि नातेवाईक यांना तोच केक 600 रुपयांत देतात, आणि 18 पैकी 10 केक याच मंडळींचे असतात. काम वाढल्यामुळे त्यांनी शिकवणीची एक तुकडी बंद केली, जिच्यातून त्यांना तासाला सुमारे 150 रुपये मिळत असत. आता 45,000 रुपयांचा मोठा ओव्हन हप्त्यांवर घ्यावा असे त्यांच्या मनात आहे. त्यांच्या यजमानांचे म्हणणे मात्र असे की आधी दर नीट ठरवावेत. दर वाढवले तर मैत्रिणी दुरावतील आणि त्यांच्या ओळखीने येणारी कामेही थांबतील, ही या भगिनींची भीती आहे.

ताई, तुम्ही खर्चाचे आकडे व्यवस्थित लिहून पाठवले आहेत, त्यामुळे अंदाजावर बोलण्याची गरज उरत नाही. तुमच्या हिशेबानुसार एका किलोच्या केकला साहित्य 330 रुपयांचे लागते. खोका, बोर्ड आणि टॉपर यांचे 60, विजेचे 20, आणि फसलेला बेस, उरलेले क्रीम व नवीन प्रकार करून पाहताना वाया जाणारा माल यांचे 30, असे एकूण 440 रुपये होतात. यात तुम्ही एक गोष्ट धरलेली नाही. ओव्हन, बीटर, टर्नटेबल, नोझल आणि भांडी यांवर तुम्ही आजवर सुमारे 30,000 रुपये घातले आहेत. ती साधने चार वर्षे टिकतील असे मानले तर त्यांची झीज महिन्याला 625 रुपये होते, म्हणजे दर केकमागे 35 रुपये. तेव्हा केकची खरी पदरची किंमत 475 रुपये आहे, आणि त्यात तुमच्या कष्टांचा एक रुपयाही नाही.

विजेबद्दल तुम्ही बरीच काळजी व्यक्त केली आहे, ती थोडी कमी केली तरी चालेल. महावितरणचे दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात, त्यामुळे ओव्हनची युनिटे ही घरच्या वापरावर चढलेली शेवटची, म्हणजे सर्वांत महाग युनिटे असतात, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. तरीही पाऊण तास भाजणे आणि त्याआधीचे तापवणे मिळून एका केकला दीड युनिटाच्या आसपासच वीज लागते. पैसा खरा जातो तो तुमच्या वेळात. ऑर्डरचे निरोप, फोटोंची देवाणघेवाण, खरेदी, बेस, गनाश, सजावट आणि शेवटी तेलकट भांड्यांचा ढीग, हे सारे धरून एका केकला साडेतीन तास लागतात, असे तुम्हीच लिहिले आहे.

आता 800 रुपयांतून 475 वजा केले की 325 उरतात, म्हणजे तासाला 93 रुपये. 600 मधून 475 गेले की उरतात 125, म्हणजे तासाला 36 रुपये. मैत्रिणीला दिलेली सवलत किमतीवर पाहिली तर पंचवीस टक्क्यांची दिसते. परंतु क्रीमवाला, खोकेवाला आणि महावितरण यांपैकी कोणीही त्यात आपला वाटा उचलत नाही, त्यामुळे ती संपूर्ण सवलत तुमच्या मजुरीतूनच कापली जाते आणि मजुरी साठ टक्क्यांहून अधिक घटते. सगळा महिना एकत्र धरला तर 63 तासांच्या कामाचे 3,850 रुपये, म्हणजे तासाला 61 रुपये तुमच्या हाती पडतात. शिकवणी सोडून तुम्ही हे काम वाढवलेत, म्हणून या 61 रुपयांची शिकवणीच्या 150 रुपयांशी तुलना मला टाळता येत नाही. तुम्हाला केक करण्यात जो आनंद मिळतो त्याचे मोल मी नाकारत नाही. मात्र त्या आनंदासाठी तुम्ही दर तासाला सुमारे 90 रुपये मोजत आहात, हे माहीत असून मोजावेत.

शिकवणीइतकी मजुरी धरली तर 475 अधिक साडेतीन तासांचे 525, म्हणजे नेमके 1,000 रुपये, ही त्या केकची रास्त किंमत ठरते. ही किंमत तुमच्या कामातून निघाली आहे, शेजारच्या दुकानाच्या फलकावरून नाही, आणि किंमत ठरवण्याची योग्य दिशा हीच आहे. दुकानाशी तुलना मैत्रिणी करतीलच, म्हणून एक बाब सांगून ठेवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे घरगुती केकला कर नसल्याने तो स्वस्त पडतो, या युक्तिवादाचे वजन आता बरेच कमी झाले आहे. तुमची उलाढाल वस्तूंच्या विक्रीसाठी असलेल्या 40 लाखांच्या नोंदणीमर्यादेपासून फार दूर आहे, तेव्हा तुम्हाला जीएसटी आकारायचा नाही. परंतु साहित्य घेताना तुम्ही जो कर भरता त्याची वजावटही तुम्हाला मिळत नाही, तो तुमच्या 330 रुपयांतच मुरलेला असतो. दुकानाशी स्पर्धा स्वस्ताईवर करू नये, असे मला वाटते. तुमच्याकडे लोक येतात ते त्यांच्या मुलाला हवा तसा ट्रॅक्टर किंवा डायनोसॉर केकवर उभा राहतो म्हणून.

तुमची मुख्य भीती मैत्रिणी दुरावण्याची आहे, आणि तिचाही हिशेब करता येतो. इथे झीज बाजूला ठेवू, कारण केक कमी झाले म्हणून ती कमी होत नाही. आज मैत्रिणींच्या दहा केकमधून, प्रत्येकी 600 वजा 440, असे 1,600 रुपये सुटतात. तेच केक 800 ला दिले तर पाच केकमध्येच 1,800 सुटतात. 1,000 ला दिले तर तीन केकमध्ये 1,680 सुटतात. म्हणजे नव्या दराने दहापैकी सात जणींनी तुमच्याकडून केक घेणे थांबवले, तरी तुमचे उत्पन्न घटत नाही आणि साडेचोवीस तास मोकळे होतात. बाहेरच्या आठ गिऱ्हाइकांपैकी दोघे गेले असेही धरू. तरी उरलेल्या नऊ केकमधून झीज वजा जाता 4,415 रुपये मिळतात, तेही साडेएकतीस तासांत. आजच्या निम्म्या कामात आजच्यापेक्षा जास्त पैसे, हे मी वाईटात वाईट धरलेल्या स्थितीतले चित्र आहे. मोकळ्या झालेल्या तासांत शिकवणीची तुकडी पुन्हा सुरू करायची की विश्रांती घ्यायची, हे तुम्ही ठरवावे.

तरीही सगळ्यांना एकदम 1,000 सांगावे असे मी म्हणणार नाही, कारण काही मैत्रिणींचे बजेट खरोखरच लहान असते आणि त्यांना परतवणे तुम्हाला जड जाईल. त्यांच्यासाठी माणूस पाहून कमी होणारा दर ठेवण्याऐवजी काम पाहून कमी होणारा दर ठेवा. टॉपर आणि थीम यांशिवायचा साधा ट्रफल तुम्ही दोन तासांत करता आणि त्याला झिजेसह 430 रुपये लागतात. तासाला 150 धरले तर तो 730 ला पडतो, म्हणजे 750 रुपये दर योग्य आहे. हा दर ओळखीच्या-अनोळखी सर्वांना खुला असावा. मैत्रिणीने 600 ची अपेक्षा धरली की तिला नकार द्यायचा नाही. साधा 750, सजावटीचा 1,000, यांतला कोणता करू, एवढेच विचारायचे. पुष्कळदा असे दिसते की दर ठामपणे समोर आला की घासाघीस आपोआप सजावटीवर वळते आणि मैत्रीवरचा ताण हलका होतो. घरपोच द्यायचा असेल तर रिक्षाचे पैसे वेगळे, आणि निम्मी रक्कम आगाऊ, हे दोन नियमही त्याच निरोपात असू द्या.

मग आपुलकीने काही द्यायचेच नाही का? जरूर द्यावे, पण पूर्ण द्यावे. आज तुम्ही महिन्याला दहा जणींना प्रत्येकी 200 रुपये सोडता, म्हणजे वर्षाला 24,000 रुपयांची भेट वाटता; आणि ती भेट कोणाच्या लक्षातही राहत नाही, कारण घेणारीला 600 हाच तुमचा दर वाटतो. त्याऐवजी वर्षातून सहा केक संपूर्ण मोफत द्यायचे ठरवा: सख्ख्या मैत्रिणीच्या मुलीचा पहिला वाढदिवस, नणंदेचे डोहाळजेवण, सासऱ्यांची साठीशांत. पूर्ण दराने मोजले तरी ही भेट 6,000 रुपयांची होते, आणि तुमच्या खिशातून प्रत्यक्ष जातात ते 2,640. आपल्याकडे लग्नामुंजीत आलेल्या-दिलेल्या आहेराची वही घरोघरी ठेवली जाते, तशी या सहा केकची नोंद ठेवा आणि ती रक्कम धंद्याच्या खर्चात न घालता घरच्या भेटवस्तूंच्या खर्चात घाला. याचा आणखी एक उपयोग आहे. तुमच्या पत्रातून दिसते की सासूबाई नातेवाइकांना ‘आमची सूनबाई करून देईल’ असे परस्पर सांगून मोकळ्या होतात. सहांपैकी दोन केक त्यांच्या नावाने राखून ठेवा, आणि ते कोणाला द्यायचे हा निर्णय त्यांच्यावर सोडा. तिसऱ्या केकचा शब्द देताना त्या दोनदा विचार करतील, शिवाय त्यांचा मानही राहील.

ओळखीने येणाऱ्या कामांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. बाहेरच्या आठ गिऱ्हाइकांपैकी तीन मैत्रिणींकडून आली, असे तुम्ही लिहिले आहे. परंतु त्या तिघांपैकी दोघांनी पहिल्याच फोनवर ‘अमुक तमुकला तर 600 ला दिला होता’ असे म्हटले, हेही तुम्हीच लिहिले आहे. मैत्रिणींचा दर मैत्रिणींपाशी राहत नाही. तो इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पुढे जातो आणि बघता बघता सर्वांचा दर होतो. ओळख करून देणाऱ्या मैत्रिणीला काही द्यायचे असेल तर काम झाल्यावर द्या: तिने पाठवलेल्या गिऱ्हाइकाने पूर्ण दराने केक नेला की तिच्या पुढच्या केकवर 100 रुपये कमी. असे केले की तुमची सवलत आलेल्या पैशातून जाते, येईल अशा आशेवर जात नाही.

दरवाढ जाहीर करताना कारणे देऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. लोणी महागले, क्रीम महागले, असे सांगितले की समोरची व्यक्ती लोण्याच्या भावावर वाद घालू लागते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दर असे राहतील, आधी घेतलेल्या ऑर्डर जुन्या दरानेच पूर्ण होतील, एवढा दोन ओळींचा निरोप सर्वांना एकाच वेळी पाठवा. एकदम 200 ची वाढ जड वाटली तर सजावटीच्या केकला तीन महिने 900 ठेवून मग 1,000 करा. पण मैत्रिणींचा आणि इतरांचा दर पहिल्या दिवसापासून एकच असला पाहिजे. दोन टप्प्यांची वाढ चालेल, दोन प्रकारची गिऱ्हाइके चालणार नाहीत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. केक ओळखीच्यांना विकला तरी तो विकलाच जातो, तेव्हा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 खालील मूलभूत नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते, शुल्क किरकोळ आहे, आणि मिळालेला 14 अंकी क्रमांक खोक्यावर छापला की दराला वजनही येते. प्राप्तिकराचा प्रश्न आज नाही, कारण तुमची वर्षाची सगळी विक्री दीड लाखाच्या आत आहे आणि नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 4 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तरीही केकचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका. वेगळे बचत खाते उघडून यूपीआयचा कोड त्याला जोडा, आणि साहित्याची खरेदीही त्याच खात्यातून करा. आज तुम्हाला नफा कळत नाही, त्याचे निम्मे कारण किराणा आणि कोको पावडर एकाच बिलावर येतात हे आहे.

राहिला ओव्हन. 45,000 रुपयांचा ओव्हन बारा हप्त्यांत घेतला तर व्याजासह महिन्याला साधारण 4,000 रुपये जातील, आणि तुमची आजची महिन्याची सगळी कमाई 3,850 आहे. या एका तुलनेवरच आज नको असे सांगता येते, परंतु त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. तुमच्या सध्याच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन टिन बसतात आणि तो दिवसाचे बहुतेक तास बंद असतो. तुमचे काम अडते ते सजावटीच्या टेबलावर आणि फ्रीजमध्ये. मे महिन्यात डोंबिवलीच्या उकाड्यात क्रीम लावलेला केक ठेवायला जागा नसल्याने ऑर्डर नाकाराव्या लागल्या, असे तुमच्याच पत्रात आहे. ओव्हन मोठा केल्याने त्यातले काहीच सुटणार नाही. नव्या दराने सहा महिने काम करा, वेगळ्या खात्यात दरमहा 1,500 रुपये बाजूला टाका, आणि किती ऑर्डर जागेअभावी नाकारल्या, किती वेळेअभावी, हे वहीत लिहीत जा. सहा महिन्यांनी जागेचा आकडा मोठा निघाला तर साठलेल्या 9,000 रुपयांत जुना पण चांगल्या स्थितीतला दुसरा फ्रीज पाहा. वेळेचा आकडा मोठा निघाला तर शनिवार-रविवारी भांडी आणि बांधणीसाठी तासावर मदतनीस ठेवा. ओव्हनसाठी कर्ज काढण्याचा विचार, या दोन्हींनंतरही तोच ओव्हन कमी पडू लागला तर करावा, आणि तेव्हा नवे आकडे घेऊन मला पुन्हा लिहावे.