हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) सुरू केल्यावर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरल्या. ही घट औषधामुळेच आहे (या आजाराला 'एचआयटी' म्हणतात), हे कसं ओळखतात?

आधी तारखा बघा. हेपॅरिन सुरू झाल्यापासून 5 ते 10 दिवसांनी प्लेटलेट्स उतरल्या असतील तर संशय बळावतो. (गेल्या महिन्याभरात हेपॅरिन मिळालं असेल तर एका दिवसातही उतरतात.) दुसरं म्हणजे घट किती. 2,80,000 वरून 1,20,000 झाल्या तर 'एक लाखाच्या वर आहेत ना' म्हणून सोडून देऊ नका, ती निम्म्याहून जास्त घट आहे.

गंमत म्हणजे प्लेटलेट्स कमी असूनही यात रक्तस्राव क्वचित होतो, उलट गुठळ्या होतात. पाय सुजला, दम लागला तर ताबडतोब सांगा.

घट, वेळ, गुठळी आणि दुसरं काही कारण (जंतुसंसर्ग, इतर औषधं) नसणं या चार गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. बेरीज 3 किंवा कमी असेल तर हा आजार बहुधा नसतोच. 4 किंवा जास्त असेल तर रक्ताची एलायझा तपासणी करतात; प्लेटलेट्समधल्या पीएफ-4 या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, हे त्यात बघतात. ती निगेटिव्ह आली की प्रश्न जवळजवळ मिटतो. नुसती पॉझिटिव्ह आली म्हणून निदान पक्कं होत नाही, त्यासाठी सेरोटोनिन रिलीज चाचणी असते (त्या अँटिबॉडी प्लेटलेट्सना खरंच चेतवतात का, हे ती बघते).

मात्र संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट बघत नाहीत. हेपॅरिन, अगदी सलाइनची नळी धुवायचंसुद्धा, बंद करून रक्त पातळ करणारं दुसरं औषध देतात.