'ऊर्जा संक्रमण' म्हणावं की आणखी काही?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस या कोळसा खाणींच्या परिसरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. ग्रामसभेत वाटण्यासाठी त्या दोन पानी पत्रक तयार करताहेत. कोळशाची वीज पुढे कमी होत जाणार, सूर्य-वाऱ्याची वाढत जाणार, मग खाणींच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्या गावांचं काय, असा विषय. मूळ मजकूर इंग्रजीत आहे. त्यातल्या 'एनर्जी ट्रान्झिशन'साठी त्यांनी 'ऊर्जा संक्रमण' लिहिलं, तर पहिल्याच वाचणाऱ्याने विचारलं, "हा कोणता नवा रोग?" 'ऊर्जा स्थित्यंतर' लिहावं तर जड वाटतं. आणि 'जस्ट ट्रान्झिशन'साठी मोबाइलमधल्या अनुवादाने 'फक्त संक्रमण' असं दिलं. तर काय लिहावं?

आधी 'संक्रमण'ची बाजू मांडतो, कारण शब्द निर्दोष आहे. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. अतिक्रमण, आक्रमण, परिक्रमा, पराक्रम ही सगळी त्याच घरातली मंडळी. 'सम्' लागला की एकातून दुसऱ्यात पाऊल टाकणं, पलीकडे जाणं हा अर्थ येतो. 'संक्रमणकाळ' आपण कितीतरी वर्षं बिनतक्रार वापरतो आहोत. रोगाचा अर्थ हिंदीने चिकटवला असं सर्रास म्हटलं जातं, तेही पूर्ण खरं नाही. सुश्रुतसंहितेत रोगांबद्दल 'संक्रामन्ति नरान्नरम्' असे शब्द आहेत, म्हणजे ते माणसाकडून माणसाकडे जातात. अर्थ जुनाच आहे. मराठीने मात्र रोगासाठी संसर्ग, लागण, साथ हे शब्द हाताशी ठेवले आणि संक्रमण बहुतेक करून काळासाठी आणि अवस्थेसाठी वापरलं. 2020 मध्ये हिंदी बातम्यांतून 'कोरोना संक्रमण' रात्रंदिवस कानांवर आदळलं आणि ही वाटणी विस्कटली. विदर्भात तर हिंदी रोजच्या ऐकण्यातली. तेव्हा त्या वाचणाऱ्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ग्रामसभेत पत्रक हातात घेणारा माणूस व्युत्पत्ती पाहत नाही, त्याला जे ऐकू येतं तोच त्याच्यापुरता अर्थ.

रोगापेक्षाही मला या शब्दाची दुसरी सावली जास्त महत्त्वाची वाटते. संक्रमण आणि संक्रांत हे एकाच धातूचे शब्द. सूर्याचं एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं म्हणजे संक्रांत. अशा वर्षाला बारा, पण आपण लक्षात ठेवतो ती मकरेची. आमच्या घरी भोगीच्या संध्याकाळी आजी पंचांग आणून वडिलांच्या मांडीवर ठेवायची. "वाच रे, यंदा कशावर बसून आली?" वडील बोट ठेवून वाचत जायचे: वाहन कोणतं, उपवाहन कोणतं, वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात काय धरलंय, कुठल्या दिशेने आली, कुठे चालली आणि कुठल्या दिशेला पाहते आहे. इथे आजी त्यांना थांबवायची आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावायची. जिकडे ती पाहते तिकडच्या लोकांचं काही खरं नाही, अशी समजूत. त्याच समजुतीतून 'नोकरीवर संक्रांत आली', 'घरादारावर संक्रांत कोसळली' हे आपलं रोजचं बोलणं आलेलं आहे.

म्हणजे एकाच शब्दात सूर्याचं पुढे सरकणंही आहे आणि कुणावर तरी कोसळणारं संकटही. कोळशाकडून सूर्याकडे जाण्याला मराठीत याच्याइतका जवळचा शब्द शोधून सापडणार नाही, आणि घुग्घुस, वणी, राजुरा, बल्लारपूर भागात त्याचे दोन्ही अर्थ खरे आहेत. सूर्याची वीज यावी असं मला मनापासून वाटतं. हवा तापत चालली आहे आणि चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण खाणीत कंत्राटावर काम करणाऱ्याच्या घरात 'संक्रमण' हा शब्द शिरला, तर त्याला संक्रांत ऐकू येणारच. ते ऐकू येणं शब्द बदलून बुजवता येणार नाही, बुजवूही नये.

जर्मनांनी या बदलासाठी 'एनर्गीवेंडे' हा शब्द केला. 'वेंडे' म्हणजे वळण. अयनदिनालाही ते 'झोनेनवेंडे' म्हणतात, सूर्याचं वळणं. त्यांचा शब्दही शेवटी सूर्याच्याच वाटेवर जाऊन पोचतो.

मुंबईकराच्या कानात मात्र 'संक्रमण' म्हटलं की संक्रमण शिबिर येतं. जुनी इमारत मोडकळीला आली की रहिवाशांना तात्पुरतं हलवतात ती जागा. तिथे 'तात्पुरतं' म्हणून गेलेल्या कित्येक कुटुंबांची पुढची पिढी तिथेच वाढली. संक्रमणाला मुक्कामाचं ठिकाण आणि तारीख नसेल तर त्याचं काय होतं, ते ही शिबिरं दाखवतात. विजेच्या बाबतीतही आपण आज तसेच मधल्या खोलीत आहोत. 2025 च्या मध्यापर्यंत देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायू-तेलाखेरीजच्या स्रोतांची झाली. प्रत्यक्ष तयार झालेली वीज बघा, तर 2024-25 मध्ये 70 टक्क्यांहून अधिक कोळशाचीच. पत्रकात आकडे देणार असाल तर 'क्षमता' आणि 'निर्मिती' हे दोन शब्द कृपा करून वेगळे ठेवा. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही, म्हणून क्षमतेचा निम्मा वाटा निर्मितीत निम्मा उतरत नाही. या एका गल्लतीमुळे लोकांना एक तर काम संपलं असं वाटतं, नाही तर सगळंच खोटं वाटतं.

'स्थित्यंतर'मध्ये व्याकरणाची चूक काही नाही. स्थिती अधिक अंतर, आणि अंतर म्हणजे इथे दुसरी, निराळी. भाषांतर, वेषांतर, नामांतर, स्थलांतर यांतला हाच 'अंतर'. पण इतिहासाच्या पुस्तकातली स्थित्यंतरं घडून गेलेली असतात, त्यांत कुणी काही करताना दिसत नाही. 'ऊर्जा रूपांतर' तर नकोच. शाळेत विद्युत ऊर्जेचं प्रकाश ऊर्जेत रूपांतर होतं तो वेगळा विषय.

मग आपला घरचा शब्द 'पालट'. खांदेपालट, ऋतुपालट, हवापालट, कायापालट, पिकांची फेरपालट. याच चालीवर 'इंधनपालट' हा शब्द मला फार आवडतो. शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. एका वर्षी कापूस, दुसऱ्या वर्षी तूर, तसा आता कोळसा जाऊन ऊन-वारा. अडचण दोन ठिकाणी येते. फेरपालटीत कापूस परत येतो, इथे कोळसा परत यायला नको आहे. आणि बदलतं ते इंधन एकटं नाही. वाहिन्या बदलतात, साठवण लागते, कामं बदलतात, जमिनीचा वापर बदलतो. एखाद्या परिच्छेदात जरूर वापरा, पूर्ण पत्रकाचं ओझं त्याला पेलणार नाही.

खरं तर अडचण नामाचीच आहे. इंग्रजीत 'ट्रान्झिशन' म्हटलं की कुठून आणि कुठे हे न सांगता चालतं. मराठीत जाणं म्हटलं की 'कडून' आणि 'कडे' लागतात, नाही तर वाक्य अधांतरी राहतं. म्हणून क्रियापद वापरा: 'कोळशाच्या विजेकडून सूर्य-वाऱ्याच्या विजेकडे जाणं'. लांब आहे, पण यात आजीचे दोन प्रश्न सुटले, कुठून आली आणि कुठे चालली. तिसरा, कुणाकडे पाहते आहे, तो तुमच्या पत्रकाचा मुख्य विषय.

क्रियापद किती जपून निवडावं लागतं याचं उदाहरण जागतिक हवामान परिषदांतच आहे. 2021 मध्ये ग्लासगोला कोळशाच्या विजेबद्दल 'फेज आउट' की 'फेज डाउन' यावर शेवटच्या तासांपर्यंत ताणाताणी झाली आणि भारताने मांडलेल्या दुरुस्तीनंतर 'डाउन' आलं. मराठीत पहिलं म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणं, दुसरं म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करणं. बातम्यांत दोन्हींसाठी 'हद्दपार' छापून आलं की वाचणाऱ्याची फसगत होते. 2023 मध्ये दुबईला जीवाश्म इंधनांपासून, म्हणजे कोळसा, तेल आणि वायूपासून, 'दूर जाण्याचं' आवाहन ठरावात आलं. दूर जाणं, कमी करणं, बंद करणं ही तीन वेगळी वचनं आहेत. तुमच्या पत्रकात जे खरंच ठरलं असेल तेच क्रियापद येऊ द्या.

आणि एक क्रियापद मुळीच येऊ देऊ नका: 'बंद पडणे'. घड्याळ बंद पडतं, मोटर बंद पडते, तसं आपण खाण बंद पडली म्हणून जातो. मराठीत 'पडणे' लागलं की करणारा नाहीसा होतो. मुंबईच्या गिरण्यांबद्दलही आपण हेच क्रियापद वापरत आलो. 1982 चा संप झाला आणि 'गिरण्या बंद पडल्या'. जणू त्या आपोआप थांबल्या. कुणी ठरवलं, जमिनीचं काय झालं, हे प्रश्न त्या 'पडल्या'खाली झाकले गेले. खाण जमिनीतला कोळसा संपला म्हणूनही बंद होते, परवडत नाही म्हणूनही होते आणि धोरण म्हणूनही. प्रत्येक वेळी कुणीतरी कागदावर सही करतं. म्हणून 'खाण बंद करताना' लिहा. कर्ता आला की त्याला विचारता येतं.

आता 'जस्ट'. तो इथे 'फक्त' नाही, न्यायाशी संबंधित विशेषण आहे. बदलाचा भार एकट्या कामगारांवर आणि त्यांच्या गावांवर पडू नये, ही कल्पना अमेरिकेतल्या कामगार चळवळीतून आली आणि 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात श्रमिकांच्या संदर्भात नोंदली गेली. कागदोपत्री मराठी 'न्याय्य संक्रमण', आणि ते बरोबर आहे. पण ग्रामसभेसाठी मी 'रास्त' सुचवेन. रास्त भावाचं दुकान गावागावात आहे, रास्त मागणी, रास्त मोबदला हे शब्द मोर्चात आणि जमिनीच्या वाटाघाटीत रुळलेले आहेत. 'न्याय्य' ऐकून माणूस कोर्टाकडे बघतो, 'रास्त' ऐकून मापाकडे. 'कामगारांना आणि गावांना रास्त वाटा' असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो: किती, कुणाला, कधीपर्यंत.

इथे मराठीत एक जागा रिकामी आहे आणि ती मला टोचते. खाण आली, जमीन गेली, तर त्या माणसाला 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. शब्दाला दाखला आहे, दाखल्यावर नोकरी आहे, निदान नोकरी मागता येते. पण ज्याची जमीन कधी गेलीच नाही, जो वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणीच्या फाटकासमोर चहा विकतो, ट्रकवर ताडपत्री बांधतो, चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसतो, त्याचं काम प्रकल्प गेल्यावर जाईल. त्याला काय म्हणायचं? येण्याने बाधित झालेल्याला नाव आहे, जाण्याने बाधित होणाऱ्याला नाही. नाव नसलं की यादी होत नाही, यादी नसली की वाटा ठरत नाही. मी शब्द घडवून देऊ शकतो, पण तो टिकणार नाही. तुमच्या ग्रामसभेतच हा प्रश्न विचारा आणि लोक स्वतःला काय म्हणतात ते लिहून घ्या.

विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. 'अपारंपरिक ऊर्जा' हा सरकारी शब्द पत्रकात टाळा. केंद्रातल्या मंत्रालयाने 2006 मध्ये 'अपारंपरिक' सोडून 'नवीन आणि नवीकरणीय' हे नाव घेतलं, राज्यात जुना शब्द अजून चालतो. पण मुंबईला खोपोलीची पाण्याची वीज 1915 मध्ये मिळायला लागली, आणि साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या पाहत एक पिढी मोठी झाली. याला अपारंपरिक कसं म्हणायचं? 'सूर्य-वाऱ्याची वीज' म्हणा, पाणी धरायचं असेल तर तेही जोडा. पवनचक्कीत काही दळलं जात नाही, तरी तो शब्द कुणालाच अडला नाही, कारण तो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर बसला आहे.

तर शीर्षक असं करा: 'कोळशाच्या विजेकडून सूर्य-वाऱ्याच्या विजेकडे जाताना आपल्या गावांचा रास्त वाटा'. पहिल्या परिच्छेदात एकदा स्पष्ट लिहा, की यालाच सरकारी कागदांत 'ऊर्जा संक्रमण' आणि 'न्याय्य संक्रमण' म्हणतात, इथे रोगाचा संबंध नाही. हे वाक्य गाळू नका. उद्या नोटीस येईल, जनसुनावणी होईल, तेव्हा कागदावर हेच शब्द असतील आणि गावाला ते ओळखता आले पाहिजेत. छपाईला देताना 'न्याय्य'मधला शेवटचा 'य' तेवढा तपासून घ्या, टंकलेखनात तो हमखास गळतो आणि 'न्याय संक्रमण' असं अर्थहीन काहीतरी छापून येतं.