जिथे फक्त रोख चालते अशा दूरच्या बेटावर जाताना पैशांची सोय कशी करावी?

तुम्ही विचारलंय की आठ-दहा दिवसांसाठी एका लहान बेटावर जायचंय, तिथे बँक नाही, कार्ड कोणी घेत नाही, मग पैसे किती न्यावेत, कुठल्या चलनात आणि सांभाळावेत कसे. मला अशी बेटं फार आवडतात आणि बऱ्यापैकी हिंडले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेटावर डिझेल आणि सिमेंट जसं बोटीने येतं तशा नोटाही बोटीने नाहीतर लहान विमानानेच येतात, आणि हवामान बिघडलं की त्याही अडकतात. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर काढू’ हा विचार सोडून द्या. बँक असलेलं शेवटचं गाव सोडताना हातात जेवढी रोकड असेल, तेवढ्यावरच सगळी सहल निभवायची आहे असं धरून चाला.

कोणी ‘आता तिथे एटीएम आलंय’ असं सांगितलं तरी निर्धास्त होऊ नका. पॅसिफिकमधल्या तुवालू देशात पहिलं एटीएम बसलं ते एप्रिल २०२५ मध्ये, आणि सुरुवात तिथल्या बँकेच्या स्वतःच्या प्रीपेड कार्डांपासून झाली. म्हणजे तेव्हा मशीन समोर होतं, पण पाहुण्याच्या कार्डाला त्याचा उपयोग नव्हता. आणि जिथे तुमचं कार्ड चालतं तिथेही सगळा डोलारा बहुधा समुद्राखालच्या एखाद्या इंटरनेट केबलवर उभा असतो. १५ जानेवारी २०२२ ला पॅसिफिकमधल्याच टोंगा देशाजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि फिजीकडे जाणारी केबल तुटली. मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत व्हायला पाच आठवड्यांहून जास्त काळ गेला, बाहेरच्या बेटांना वर्षाहून अधिक. हे फक्त गरीब देशांत होतं असंही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांची केबल तुटली तेव्हा तिथल्या दुकानांनाही कार्ड घेता येईना.

आता किती न्यावेत. निघण्यापूर्वी राहण्याची जागा, मोठी बोट, डायव्हिंगसारखे मोठे खर्च बँकेतून आगाऊ भरता येतात का ते विचारा. बऱ्याच घरमालकांचं खातं मुख्य भूमीवरच्या बँकेत असतं आणि त्यांनाही तेच सोयीचं पडतं. उरलेल्या खर्चाचा रोजचा अंदाज त्यांच्याकडूनच घ्या. ‘स्वस्त आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. दोन वेळचं जेवण, पिण्याचं पाणी, स्थानिक बोट, बेटावर उतरताना किंवा निघताना भरावा लागणारा कर, असं एकेक नाव घेऊन विचारा. त्या अंदाजात बोट चुकल्यास किंवा रद्द झाल्यास लागणारे तीन-चार दिवस धरा. मी त्यावर आणखी निम्मी रक्कम ठेवते. हे ऐकून लोकांना जास्त वाटतं, पण बेटावर कोणी आजारी पडलं आणि तातडीने खास बोट ठरवावी लागली तर विमा कितीही चांगला असला तरी नाखव्याला डिझेलचे पैसे आधी आणि रोखच द्यावे लागतात. परतीच्या भाड्याचं पाकीट मात्र वेगळं करा, त्याला सहलभर हात लावायचा नाही.

सुट्या पैशांकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि अडचण तिथेच होते. बेटावरच्या दुकानात फळीवर एक पत्र्याचा डबा असतो. त्यात सकाळी जेवढी मोड, तेवढ्यावर दिवस काढायचा. पाहुण्याने मोठी नोट पुढे केली की दुकानदार डबा उपडा करतो, नाण्यांचे ढीग लावून मोजतो, कमी पडलं की पोराला शेजारी पिटाळतो, आणि तरीही जमलं नाही तर हसून ‘उद्या द्या’ म्हणतो. तुमचं काम झालेलं असतं, पण त्याच्याकडे पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला काही उरत नाही, आणि ते गिऱ्हाईक त्याचा शेजारी असतो. हे मला फार लागतं, म्हणून प्रत्येकाला सांगते: शेवटच्या गावातल्या बँकेत सकाळी जा आणि निम्म्याहून जास्त पैसे लहान नोटांत मागा. बंडल तिथेच मोजा. फाटकी, चिकटपट्टी लावलेली नोट असेल तर काउंटरवरच बदलून घ्या, कारण बेटावर ती वटवणार कोण? मोठ्या नोटा फक्त राहण्याचं बिल आणि बोटीच्या भाड्यासाठी ठेवा.

चलनाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. रोजच्या खर्चाला स्थानिक चलन, आणि राखीव म्हणून तिथलं चलन ज्याला बांधलेलं आहे, म्हणजे ज्याच्याशी त्याचा दर कायम ठरवून ठेवलेला आहे, ते. फ्रेंच पॉलिनेशियाचा फ्रँक युरोला बांधलेला आहे, तेव्हा तिकडे युरो. सेंट हेलेनाचा पौंड ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा आहे आणि तिथे ब्रिटिश नोटाही चालतात. कुक बेटांवर न्यूझीलंडचा डॉलर चालतो, पिटकेर्नवरही तोच. असं काही ठरलेलं नसेल तर अमेरिकन डॉलर. मात्र डॉलरच्या नोटा नव्या कोऱ्या हव्यात. अमेरिकेच्या लेखी १८६१ पासूनची प्रत्येक नोट आजही पूर्ण किमतीची आहे, पण दूरच्या ठिकाणी जुन्या छपाईची, घडी पडलेली किंवा पेनाची रेघ उमटलेली नोट घेत नाहीत, घेतली तर भाव पाडून. घेणाऱ्यालाही ती पुढे कुठेतरी द्यायची असते, त्याचीही भीती खरी असते. शंभराची नोट २०१३ नंतरची, निळ्या पट्टीची घ्या. आणि नोटा बदलायची वेळ आलीच तर घरमालकाला किंवा दुकानदाराला विचारा. त्यांना बाहेरून माल आणायला परकीय चलन लागतं, त्यामुळे भाव बहुधा ठीक मिळतो.

चोरीपेक्षा मला पाण्याची धास्ती जास्त वाटते. बऱ्याच बेटांवर धक्काच नसतो. होडी वाळूपासून थोडी लांब थांबते आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून सामान डोक्यावर घ्यावं लागतं. नोटा दोन थरांच्या झिपच्या पिशवीत आणि तीन जागी विभागून ठेवा: थोड्या अंगावर, थोड्या पाठपिशवीच्या तळाशी, थोड्या सोबत्याकडे. भिजल्याच तर एकमेकींना चिकटलेल्या नोटा ओढून सोडवू नका. गोड्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, ओल्या असतानाच सावकाश वेगळ्या करा आणि सावलीत वाळवा. दुकानात पैसे देताना सगळं बंडल बाहेर काढू नये. दिवसापुरते वेगळ्या खिशात असले म्हणजे झालं.

समजा तरीही पैसे संपले, तर टपाल कार्यालयात किंवा एखाद्या दुकानात वेस्टर्न युनियनसारखी, घरून पैसे मागवायची सोय असू शकते. निघण्यापूर्वीच चौकशी करून ठेवा, आणि घरच्यांना तुमचं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं लिहून द्या. एका अक्षराच्या फरकानेही पैसे अडतात. पण त्यालाही नेटवर्क लागतं आणि देणाऱ्याच्या गल्ल्यात रोकड असावी लागते. म्हणून यावर सहल आखू नका.

राहण्याचं बिल शेवटच्या दिवसावर टाकू नये, असंही माझं मत आहे. घरमालकीण तुमच्या जेवणाचं सामान स्वतःच्या पैशाने भरते, पुढच्या बोटीला मागणी पाठवायला तिच्या हातात रोकड लागते. दर दोन-तीन दिवसांनी हिशेब चुकता करा, आणि तिच्या वहीत आकडा लिहिताना तुमच्याकडेही लिहून ठेवा. घासाघीस करायची असेल तर येण्याआधी, भाव ठरवताना. खाऊन-पिऊन झाल्यावर, तिच्याकडे दुसरा पर्याय नसताना, करू नये.

निघायच्या आदल्या दिवशी उरलेलं स्थानिक चलन मोजा. सेंट हेलेनाचे पौंड किंवा कुक बेटांची स्वतःची तीन डॉलरची नोट बाहेर सहसा चालत नाही, आठवण म्हणून एखादी ठेवा तेवढीच. बाकीच्या लहान नोटा आणि नाणी घरमालकीणीला देऊन तिच्याकडून एक मोठी, बाहेर चालणारी नोट घ्या. तिला मोड मिळते, तुमचं ओझं कमी होतं. परतीचं पाकीट तेवढं बोटीत बसेपर्यंत उघडू नका, कारण बोट किनाऱ्यावरून निघाली तरी लाटा बघून परत फिरू शकते.