मुंबई ते नागपूर किती किलोमीटर आहे आणि विमानाने किती वेळ लागतो?
सरळ रेषेत धरलं तर साधारण ६८५ किमी. तिकिटावर दीड तास किंवा थोडं जास्त लिहिलेलं असतं पण खरं हवेत तुम्ही सव्वा तासच असता, बाकीचा वेळ मुंबईत रनवेकडे रांगेत रेंगाळण्यात जातो. चहा येतो, कप रिकामा होईपर्यंत खुर्ची सरळ करा म्हणून अनाउन्समेंट. नागपूरचं विमानतळ (सगळे सोनेगावच म्हणतात) गावाला लागूनच आहे, उतरल्यावर वीसेक मिनिटांत सीताबर्डी. येताना मात्र पावसाळ्यात मुंबईवर घिरट्या घालायची तयारी ठेवा.

ट्रेनने हेच अंतर ८३७ किमी होतं कारण गाडी कसारा घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा असं फिरून जाते, म्हणून विदर्भ एक्सप्रेसने रात्री झोपायचं आणि सकाळी उतरायचं हेच बरं. समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा आहे, जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय, आठेक तास धरा, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, तिथून पुढे मुंबईत शिरायला किती लागेल ते ट्रॅफिकच्या मर्जीवर.

दोन दिवसांचं काम असेल तर विमानच घ्या, सामान जास्त असेल तर ट्रेन.