मैत्रिणीच्या लिंगबदलाच्या काळात तिला साथ कशी द्यावी, हे समजावणारा एखादा छोटा गेम आहे का?

आहे, आणि मी तो ओळखीच्या अनेकांना आग्रहाने खेळायला लावला आहे. एनपीसीकेसी या टोपणनावाच्या स्वतंत्र निर्मात्याचा 'वन नाइट, हॉट स्प्रिंग्स' हा चित्र-संवादांचा छोटा गेम २०१८ साली आला. जपानमधली हारू ही पारलिंगी तरुणी मानामी या मैत्रिणीच्या वाढदिवसानिमित्त गरम पाण्याच्या झऱ्यांवर एका रात्रीच्या मुक्कामाला जाते, एवढीच त्याची गोष्ट आहे. तिथे स्त्रियांची आणि पुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात, आणि कागदोपत्री लिंग बदलायचे तर प्रजननक्षमता संपवणारी शस्त्रक्रिया करून घेण्याची अट जपानच्या २००४ पासून लागू असलेल्या कायद्यात तेव्हा होती. ती अट घटनाबाह्य असल्याचा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तुमच्या प्रश्नाला खरा भिडतो तो मात्र याचा पुढचा भाग, 'लास्ट डे ऑफ स्प्रिंग'. त्यात आपण हारू नसतो, तिची मैत्रीण एरिका असतो. हारूच्या वाढदिवसाला तिला स्पामध्ये न्यायचा बेत ती आखते आणि आपल्याला सहज मिळणारी गोष्ट हारूला मिळणे किती कठीण आहे, हे तिला पहिल्यांदा कळते.

हे मला इतके लागले, त्याला कारण आहे. आमच्या कॉलेजच्या कंपूतल्या मैत्रिणीच्या आधार कार्डावर तेव्हा जुने नाव आणि जुना फोटो होता. कोकणात जाताना मी पहिल्या मुक्कामाच्या मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगितले की, एका कार्डावरचे नाव वेगळे दिसेल, ते कृपया मोठ्याने वाचू नका. त्यांनी कार्डे स्वतः पाहिली, रजिस्टर लिहिले आणि चहा मागवला. कंपूतला एक मित्र मात्र माझ्यावर उखडला. मी उगाच बाऊ करतो, तिला काचेच्या भांड्यासारखी वागवतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या हट्टामुळे परतीच्या मुक्कामी फोन केला नाही. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने जुने नाव मोठ्याने पुकारले, आमच्यातल्या एकेका पुरुषाकडे पाहिले आणि 'हे कुठे आहेत?' असे विचारले. मागे आणखी दोन कुटुंबे उभी होती. 'मीच,' असे म्हणून ती पुढे झाली आणि कार्डावरच्याच नावाने सही करायला सांगितल्यावर पेन रजिस्टरवर टेकवून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. जेवायला ती खाली आली नाही.

'आम्ही तिला अगदी नॉर्मल वागवतो' असे म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. दारातच जिला अडवले जाते, तिला बाकीच्यांसारखेच वागवणे म्हणजे अडवणाऱ्याला मोकळे रान देणे होय. मैत्रिणीला शस्त्रक्रियेबद्दल विचारू नका, धाडसाचे गोडवे गाऊ नका. जिथे जायचे आहे तिथली चौकशी आधी करा आणि नकार ऐकायची वेळ आली तर तो तुमच्या कानांवर येऊ द्या.

अर्थात फोन करण्यापूर्वी तिला विचारले पाहिजे, कारण कोणाला काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे. मीही विचारूनच केला होता. शिवाय हारूला जे बोचते तेच तुमच्या मैत्रिणीला बोचेल असे नाही, आणि घरच्यांचे काय करायचे हे कोणताही गेम सांगणार नाही. पहिला गेम इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे आणि अर्ध्या-पाऊण तासात होतो. हे दोन आणि मालिकेतला तिसरा असे तिन्ही भाग 'अ इयर ऑफ स्प्रिंग्स' या नावाने २०२१ पासून एकत्रही मिळतात. इंग्रजी सोपे आहे. आमचा तो मित्र हे वाचत असेल, तर त्याने एरिकाचा भाग पूर्ण खेळावा आणि त्यानंतरही फोन करणे म्हणजे बाऊ करणेच होते असे त्याला वाटले, तर मला तसे समोर बसून सांगावे.