वेबसाइट कुठे ठेवायची, आणि देणगीदारांची वही कुठे?

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे, वाई तालुक्यात तीन अभ्यासिका चालवतो. ट्रस्ट रजिस्टर आहे, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) पण मिळालंय. आता वेबसाइट करायची आहे आणि देणगीदारांचा डेटाबेस पण हवाय (साधारण चारशे नावं आहेत). एकाने क्लाउड सर्व्हर (इंटरनेटवरचा भाड्याचा कॉम्प्युटर) घ्या म्हणून महिन्याला अडीच हजारांचं कोटेशन दिलं, दुसरा म्हणतो सगळं फुकटात होतं. हिशेब मीच बघते, वर्षाला सहा-सात हजारांच्या वर आम्हाला झेपणार नाही. काय करावं?
— एक विश्वस्त, वाई

उत्तर : ताई, ते अडीच हजारवालं कोटेशन आधी बाजूला ठेवा. चारशे माणसं, प्रत्येकाचे पंधरा रकाने धरले तरी सहा हजार सेल होतात, आणि गूगल शीटच्या एका फाइलमध्ये १ कोटी सेल मावतात. म्हणजे तुम्हाला हवी आहे ती खरं तर एक नीट ठेवलेली वही, सर्व्हर नाही.

आणि ही वही वेबसाइटवर ठेवूच नका. देणगीदारांचे पॅन नंबर, पत्ते असतात त्यात, आणि वर्डप्रेसच्या (वेबसाइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) साइट हॅक होतात त्या बहुतेक वेळा कुणीतरी टाकलेल्या आणि दोन वर्षं अपडेट न केलेल्या प्लगइनमुळे, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा पण आहेच डोक्यावर. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये (गूगलची संस्थांसाठीची योजना) अर्ज करा, नोंदणीची कागदपत्रं तपासून झाली की वर्कस्पेस, म्हणजे गूगलची ईमेल-शीट वगैरे साधनं, फुकट मिळतं, संस्थेच्या नावाचे ईमेल पण त्यातच. मग शीट तिथे ठेवायची आणि फक्त दोघांना उघडता येईल असं करायचं, सगळ्या ग्रुपवर लिंक टाकायची नाही (टाकतात हो लोक!). रकाने मात्र आजच १०बीडी फॉर्मच्या (देणग्यांची यादी आयकर खात्याला देण्याचा फॉर्म) हिशेबाने पाडा : नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, रोख की चेक की ऑनलाइन. हा फॉर्म २०२१-२२ च्या देणग्यांपासून लागू झाला आणि मुदत ३१ मे, तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात पॅनसाठी फोन करत बसायची वेळ येऊ नये.

आता वेबसाइट. वर्षातून दोन-तीनदाच काही बदलणार असेल तर साधी पानं बनवून गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवता येतात, खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नावाचा. पण मी तुम्हाला हे सुचवणार नाही, कारण ते बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागला की तुमच्याकडे फोन नंबर बदलायला पण माणूस उरत नाही. त्यापेक्षा साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, म्हणून स्वस्त) घ्या आणि वर्डप्रेस टाका, ते शिकवायला कुणीही सापडतो. त्याला लागणारा डेटाबेस होस्टिंगसोबतच येतो, वेगळा विकत घ्यायचा नसतो. कुठे मायएसक्यूएल लिहिलेलं असेल, कुठे मारियाडीबी, घाबरायचं नाही, ही डेटाबेसच्या सॉफ्टवेअरची नावं, दोन्ही एकाच घरातले; ती बनवणाऱ्या मायकेल विडेनियसने आपल्या दोन मुलींची नावं दिलीयत, एक माय आणि एक मारिया.

सगळं फुकटात होतं असं दुसरा म्हणाला म्हणून सांगतो, सुपाबेससारख्या क्लाउड डेटाबेसच्या फुकट प्लॅनमध्ये आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर ते प्रोजेक्ट थांबवून ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही उघडायला जाल आणि बंद.

होस्टिंग घेताना जाहिरातीतला "महिना फक्त अमुक रुपये" हा आकडा बघूच नका, तो बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरचा असतो, वर १८ टक्के जीएसटी, आणि रिन्यूअलला दुप्पट-तिप्पट. रिन्यूअलचा भाव लेखी विचारा आणि तोच बजेटमध्ये धरा. एसएसएलचे (पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं सुरक्षा सर्टिफिकेट) वेगळे पैसे मागितले तर तिथून उठा, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट असतं. बॅकअप महिन्यातून एकदा स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, होस्टिंगवाल्याकडे आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

डोमेन मात्र संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर. मी ज्या मंडळात होतो तिथे एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून डोमेन घेतलं, तो गेला परदेशी, रिन्यूअलची पत्रं त्याच्या जुन्या मेलवर जात राहिली आणि एक दिवस आमच्या नावाच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. दोष कुणाचाच नव्हता तसा. तेव्हापासून रिन्यूअलची तारीख आम्ही भाडं-वीजबिलाच्या रजिस्टरमध्येच लिहितो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची साइट नवीन होस्टिंगवर हलवली तर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आलीत. परत येतील का नावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रश्नचिन्हंच असतील तर अवघड आहे, कारण बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये खरोखर प्रश्नचिन्हंच साठवली गेलेली असतात, मग जुन्या बॅकअपवरूनच परत आणावं लागतं. टोपीवाल्या रोमन अक्षरांचा गोंधळ दिसत असता तर बहुतेक वाचवता आलं असतं. जुन्या मायएसक्यूएलमध्ये (साइटचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) लॅटिन१ ही अक्षरं साठवायची पद्धत आपोआप निवडलेली असायची, त्यात देवनागरी बसत नाही. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तिच्या जागी यूटीएफ८एमबी४ आपोआप निवडलेलं असतं, त्यात देवनागरी बसते. तेव्हा बॅकअप नव्याने टाकण्याआधी टेबल (नावं साठवलेला तक्ता) आणि कनेक्शन (साइट डेटाबेसशी बोलते ती जोडणी) दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ आहे ना ते बघा, एकीकडेच बदलून भागत नाही. आणि सभासदांची यादी श्रीलिपीत (युनिकोड नसलेला जुना फाँट) टाइप केलेली असेल तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, नाहीतर जोडाक्षरं हाताने तपासत बसाल.