अबुधाबीला निघण्याआधी: सरकार कुठं पाठीशी असतं, कुठं नसतं

भावा, तू विचारलंयस ते थोडक्यात असं: आयटीआय वेल्डर, दहावी पास, शिरोली एमआयडीसीत पीएफ कापून ६ वर्षं नोकरी, आता अबुधाबीत फॅब्रिकेशनचं काम मिळतंय. एजंट ६५,००० मागतोय आणि 'व्हिजिट व्हिसावर चल, तिकडं गेल्यावर बदलून देतो' म्हणतोय. तिकडं अडकलो तर सरकार काही करतं का, आणि परत आल्यावर काय मिळतं?

करतं. पण ज्याची नोंद आहे त्याच्यासाठी बरंच, ज्याची नाही त्याच्यासाठी फार थोडं. आणि गंमत अशी की तुझ्यासारखा दहावी पास गडीच नोंदीतनं निसटतो.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी लागते) छापलेलं असतं. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया वगैरे १८ देशांत कामाला जाताना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार तपासला जातो, ई-मायग्रेट या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर त्याची नोंद होते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीने निघतो. तुझ्या पासपोर्टवर ती अक्षरं नाहीत, म्हणजे तुला मंजुरीची गरज नाही. विमानतळावर कुणी अडवत नाही, याचंच लोकांना भारी वाटतं. पण ती तपासणी नाही म्हणजे करार बघणारं कुणी नाही आणि विमाही आपोआप नाही. ई-मायग्रेटवर तुला स्वतःहून नोंद करता येते. ती निघण्याआधी कर, आणि नोंदीची प्रिंट एक जवळ, एक घरात ठेव.

आता एजंट. परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात. तेही बँकेतनं, पावतीसकट. ६५,००० मागणारा बहुतेक वेळा मूळ परवानाधारक नसतो, मधला माणूस असतो. त्याच्याकडं परवाना क्रमांक माग आणि ई-मायग्रेटच्या यादीत ते नाव चालू आहे का बघ. 'आमचं मुंबईचं ऑफिस आहे' हे उत्तर झालं नाही. पावती मुंबईच्या त्याच नावाची मिळाली पाहिजे.

व्हिजिट व्हिसावर तर जाऊच नको. त्यावर काम करणं तिथं बेकायदा आहे. पगार थकला तर कामगार मंत्रालयाकडं दाखवायला तुझ्याकडं करारच नसतो, आणि उलट दंड तुझ्या डोक्यावर चढतो.

निघण्याआधी एक कागद हातात हवा: तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र चालणार नाही. मंत्रालयाचं लेटर हिंदीतही मिळतं. त्यात 'बेसिक', म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती ते बघ, एकूण आकड्याला भुलू नको. समजा एकूण १,८०० दिरहम आहेत. बेसिक १,००० धरलं तर ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकइतकी, म्हणजे ७०० दिरहम. ४ वर्षांत २,८००. तेच बेसिक १,५०० असेल तर वर्षाला १,०५०, ४ वर्षांत ४,२००. ५ वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं बेसिक मिळतं. कंपन्या भत्ते फुगवून बेसिक दाबतात ते याचसाठी. तिथं पोचल्यावर दुसरा करार पुढं केला तर सही करण्याआधी आकडे या लेटरशी जुळवून बघ.

तिथं गेल्यावर नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे. १६,००० दिरहमपर्यंत बेसिक असेल तर महिन्याला ५ दिरहम. न काढल्यास ४०० दिरहम दंड. सलग १२ महिने भरले असतील आणि कंपनीनं काढलं असेल, तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त ३ महिने मिळतात. दावा ३० दिवसांच्या आत करायचा. स्वतः राजीनामा दिलास तर काही नाही. म्हणून 'राजीनामा लिहून दे, लवकर सुटशील' असं कुणी म्हटलं तर थांब.

अडचणीत दुबईचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८०० ४६३४२, दिवसरात्र. भारतातनं घरच्यांसाठी १८०० ११ ३०९०. लेखी तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर टाकली की तिचा क्रमांक मिळतो. तोंडी विनवण्यांपेक्षा तो क्रमांक उपयोगी.

दूतावासाकडं भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. खरोखर अडलेल्याला तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार, वकील, आणि घरच्यांना किंवा कंपनीला परवडत नसेल तर मृतदेह भारतात पाठवणं, हे त्यातनं होतं. थकलेला पगार मात्र त्यातनं मिळत नाही. तो कंपनीकडूनच काढावा लागतो. बरेच जण दूतावासात पगार मागायला जातात आणि हात हलवत येतात.

वर सांगितलेला प्रवासी भारतीय बीमा १० लाखांचा असतो. तो ज्यांचा निघतो, त्यांच्या घरचेही नीट वाचत नाहीत. प्रीमियम २ वर्षांना २७५, ३ वर्षांना ३७५ रुपये, वर कर. १० लाख मिळतात ते अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला. हार्ट अटॅकनं गेला तर ती रक्कम नाही. तुला तो सक्तीचा नाही, म्हणून इथेच स्वतंत्र टर्म विमा (ठरावीक मुदतीचा जीवन विमा) काढ आणि परदेशी कामाचं प्रस्तावात स्पष्ट लिही. तसंच, माणूस गेला तर भरपाईचे पैसे बऱ्याचदा दूतावास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वारसांना देतो. वारस दाखल्यातलं आणि पासपोर्टातलं नाव एका अक्षरानं जुळलं नाही की महिने जातात. बायकोचं लग्नानंतरचं नाव पासपोर्टात घातलं आहेस का, ते आधी बघ.

परतताना व्हिसा रद्द करायच्या कागदावर 'सर्व हिशेब मिळाला' असं छापलेलं असतं. पैसे खात्यात आल्याशिवाय सही नको. करार संपल्यापासून १४ दिवसांत हिशेब देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

इथं आल्यावर मात्र फारसं काही नाही. परदेशी कामगारांसाठी २०१२ ला आलेली पेन्शन योजना २०१७ ला बंद झाली. केरळ सरकारचं परदेशस्थ केरळींसाठीचं नोर्का हे खातं परतलेल्यांना धंद्यासाठी ३० लाखांपर्यंतच्या कर्जावर १५ टक्के भांडवली अनुदान देतं, पण ते केरळच्या लोकांना. आपल्याकडं जिल्हा उद्योग केंद्रातनं पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आहे: उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, खुल्या गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. फक्त नव्या युनिटला. आधी मशीन घेऊन शेड उभारतात आणि मग अर्ज करतात, इथंच बहुतेकांचं हुकतं.

आणि शिरोलीची नोकरी सोडताना पीएफ काढायची घाई करू नको. पीएफसोबत पेन्शनचाही हिस्सा जमा होतो. तुझी ६ वर्षं भरलीत, पेन्शनला १० लागतात. पेन्शनच्या हिश्श्यासाठीच्या फॉर्म १०-सी मध्ये 'विथड्रॉवल बेनिफिट' (पैसे उचलणं) ऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' (भरलेली वर्षं जपणारा दाखला) निवड. परत येऊन एमआयडीसीत आणखी ४ वर्षं भरलीस तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन लागू होते. पैसे उचललेस तर ती ६ वर्षं पेन्शनच्या हिशेबातनं गेली.